सांदवाडीच्या सावलीत लेंडी पिंपळी: लावणीपासून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत

घराची भिंत आणि कंपाउंड यांच्या मधल्या चार-पाच फुटांच्या पट्टीला आपण नागपुरात सांदवाडी म्हणतो. आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घराची सांदवाडी उत्तरेला आहे. एका टोकाला कडुनिंब, बाकी सगळी घराची सावली. तिथे मी दोनदा लॉन लावलं आणि दोन्ही वेळा दिवाळीपर्यंत त्याचे तुकडे पडले. गवताला दिवसातून पाच-सहा तास तरी ऊन लागतं, ते सांदवाडीत मिळत नाही. मग मी तिथे लेंडी पिंपळी लावली. पहिल्या वर्षी तीही बहुतेक जळाली. आता मात्र ती जमीन बाराही महिने हिरवी असते, पावसात चिखल होत नाही आणि मे महिन्यात तिथून अनवाणी जाता येतं.

मधल्या काळात मी काय चुकले आणि कशाने जमलं, ते खाली क्रमाने लिहिलं आहे. तुमचं पहिलं वर्ष तरी वाया जाऊ नये.

१. पिंपळीच का?

त्रिकटू या आयुर्वेदिक चूर्णातली सुंठ, मिरे आणि पिंपळी आपल्याला माहीत असते, पण तिचं रोप पाहिलेले लोक कमी. ही मिरवेल आणि नागवेलीच्या कुळातली वेल. पश्चिम घाटातल्या आणि ईशान्येकडच्या ओल्या जंगलांत मोठ्या झाडांखाली ती आपोआप वाढते. म्हणजे सावली हेच तिचं घर. विदर्भातही ती नवखी नाही. अंजनगाव सुर्जी, अकोट या भागांत पानमळ्यांच्या जोडीने पानपिंपळीचं, म्हणजे हिचंच, पीक कितीतरी वर्षांपासून घेतात. अंजनगावच्या उन्हाळ्यात जे तगतं ते नागपुरात तगेल, या हिशोबाने मी ती निवडली.

जमिनीवर पसरताना तिच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात, त्यामुळे ती माती धरून ठेवते. उंची फूटभराच्या आत राहते. पानगळ नाही.

नर्सरीत 'सावलीसाठी ग्राउंड कव्हर द्या' म्हटलं की पिवळ्या फुलांचा वेडेलिया पुढे करतात. तो घेऊ नका. तो मूळचा अमेरिका खंडातला आहे आणि एकदा पसरला की शेजाऱ्याच्या प्लॉटमधूनही काढावा लागतो. मनी प्लांटही बाहेरचाच, पॅसिफिक महासागरातल्या बेटावरून आलेला.

नळाजवळ किंवा धुणं धुतात तिथे, जिथे सकाळचं थोडं ऊन आणि कायम ओल असते, तिथे मंडूकपर्णी लावा. तिथे ती पिंपळीपेक्षा चांगली पसरते. नावाचा घोळ मात्र लक्षात ठेवा. 'ब्राह्मी' म्हणून आपल्याकडे दोन वेगळी झाडं विकतात. गोल, काठाला कातरलेलं, बेडकाच्या पायासारखं पान असेल ती मंडूकपर्णी. बारीक, मांसल, लांबट पानांची ती नीरब्राह्मी, तिला ऊन आणि चिखल दोन्ही लागतं. सावलीत ती नुसती लांबत जाते.

२. आधी मे महिन्यातली सावली बघा

बाकीची कामं थोडी इकडेतिकडे झाली तरी निभावतं. ही पायरी चुकली तर सगळं जातं.

मी पहिली लावणी दिवाळीनंतर केली. तेव्हा सांदवाडीत दिवसभर गडद सावली होती, म्हणून मी निर्धास्त होते. साठ रोपं लावली, जानेवारीपर्यंत छान धरली. एप्रिलच्या शेवटी पानांच्या कडा करपायला लागल्या. मी पाणी वाढवलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भिंतीकडेची ओळ काळी पडली आणि शेवटी उरली बारा रोपं. ती बाराही कडुनिंबाखालची होती.

बेणं मला अंजनगावच्या मावसभावाने दिलं होतं. तो मेअखेर घरी आला, सकाळी साडेनऊला सांदवाडीत उभा राहिला आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "ताई, भिंत तापली आहे. ही उत्तरेची भिंत ना?" मी हात लावून पाहिला. खरंच चटका बसत होता. तोवर मी कधी त्या वेळी तिथे थांबून बघितलंच नव्हतं.

कारण साधं आहे. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली येतं. २६ मेच्या सुमाराला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तोच आपला शून्य सावलीचा दिवस. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. सकाळी आणि संध्याकाळी तर तो मे महिन्यातही चांगलाच उत्तरेकडून तळपतो. म्हणजे हिवाळ्यात घराची उत्तर बाजू जितकी थंड, तितकीच ती ऐन उन्हाळ्यात उघडी पडते. भिंतीची सावली ऋतूप्रमाणे सरकते, झाडाची सावली वरून असते म्हणून टिकते. पानमळ्यात शेवरी, पांगारा, हादगा लावून वरून सावली करतात ती याचसाठी.

तेव्हा असं करा:

- मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एक दिवस सकाळी ८, १०, १२, दुपारी २ आणि ४ वाजता उन्हाची कड खडूने जमिनीवर आखा आणि वेळ लिहा.
- नऊपर्यंतचं कोवळं ऊन चालतं. दहानंतर तासाभरापेक्षा जास्त ऊन पडत असेल, तर त्या भागाला उन्हाळ्यात आडोसा द्यावाच लागेल.
- मे हुकला असेल तर जुलैअखेर उघडीप पडेल त्या दिवशी बघा. सूर्य तेव्हा जवळपास मेच्याच वाटेने जातो. डिसेंबरातल्या सावलीवर विसंबू नका.

मी कंपाउंडच्या आतल्या बाजूने अडुळशाची ओळ लावली. तोही आपलाच, सदाहरित, जनावरं तोंड लावत नाहीत आणि दोन पावसाळ्यांत डोक्याएवढा होतो. तिरपं ऊन तो अडवतो. तो वाढेपर्यंत एप्रिल ते जून अर्धी सावली देणारी ग्रीन नेट बांधली.

जाता जाता एक सांगते. लॉनला ऊन मिळावं म्हणून कडुनिंबाच्या फांद्या उतरवायचा सल्ला मलाही मिळाला होता. शहरात झाड तोडायला १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली मनपाची परवानगी लागते, हे तर आहेच. पण त्याच झाडाने माझी बारा रोपं वाचवली. झाड राहू द्या, खालची लागवड बदला.

३. सामान

- टिकास, फावडं, सब्बल (मलबा निघाला तर लागतेच), घमेलं, खुरपं
- बारीक छिद्रांची झारी किंवा पाईपला लावायचा फवारा
- पूर्ण कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत
- ट्रायकोडर्मा पावडर (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी), कृषी केंद्रात मिळते
- वाळलेला पाला, निदान चार पोती. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत कडुनिंबाचा साठवून ठेवा. जाळू नका, शेजाऱ्यांनाही जाळू देऊ नका, मागून आणा
- ग्रीन नेट, सुतळी, चार बांबू
- बेणं. तीन फूट रुंद आणि वीस फूट लांब वाफ्याला फूट-फूट अंतराने साठ रोपं लागतात. मरतुक धरून सत्तर घ्या

४. माती

नागपूरच्या बऱ्याच लेआउटमध्ये वर बांधकामाचा मुरूम आणि मलबा, खाली चिकण काळी माती. पिंपळीला ओलावा हवा, पण साचलेलं पाणी अजिबात नको. काळी माती नेमकं उलटं करते. पावसात पाणी धरून बसते आणि मेमध्ये भेगाळून मुळं तोडते.

फूटभर खोल गड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांत उतरलं तर ठीक. रात्रभर तसंच राहिलं तर वाफा चार-पाच इंच उंच करावा लागेल.

आठ-नऊ इंच खणून विटांचे तुकडे, सिमेंटच्या खपल्या, प्लास्टिक सगळं काढा. मातीच्या निम्मं शेणखत आणि पाल्याचं खत मिसळा. पुष्कळ जण कन्हान नदीची रेती टाकायला सांगतात. चिकण मातीत नुसती थोडी रेती पडली की ती विटेसारखी बसते, मी तोही प्रयोग करून चुकले आहे. खत भरपूर आणि रेती नाहीच घातली तरी चालेल. ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून, ओलं करून, सावलीत आठवडाभर झाकून ठेवा आणि मग वाफ्यात घाला.

तीन ठिकाणी सांभाळा. घराच्या भिंतीपासून फूटभर जागा मोकळी सोडा, नाहीतर जोत्याला ओल धरते. झाडाच्या बुंध्याभोवती दीड फुटात खणू नका आणि मातीही चढवू नका, खोड कुजतं आणि वाळवी लागते. आणि गच्चीच्या पाण्याचा पाईप वाफ्यात उघडत असेल तर आधी त्याचं तोंड वळवा. एका जोराच्या पावसात तो सगळा वाफा धुऊन नेतो.

५. बेणं ओळखून घ्या

इतवारीच्या बाजारातून वाळलेली पिंपळी आणून पेरून बघणारे मला दोघं-तिघं भेटले. ती उगवत नाही. बाजारातली पिंपळी पिकायच्या आधी, हिरवी असताना तोडून वाळवलेली असते. लागवड कांड्यांपासूनच करायची.

औषधी रोपं ठेवणाऱ्या नर्सरीत विचारा. महाराजबागेला लागून कृषी महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींचं नागार्जुन उद्यान आहे. तिकडे जाणं झालं तर पिंपळी वाढलेली डोळ्यांनी बघून या. अंजनगाव-अकोटकडे कोणी ओळखीचं असेल तर फारच उत्तम.

ओळख अशी. खालची पानं हृदयाच्या आकाराची आणि लांब देठाची, नागवेलीची लहान बहीण वाटावी अशी. पण शेंड्याकडे जाताना देठ आखूड होत जातो आणि सर्वांत वरची पानं बिनदेठाची, खोडाला बिलगलेली असतात. नागवेलीत असं होत नाही. पान चुरगळून वास घ्या, मिऱ्याचा तिखट दर्प यायला हवा. वास नाही आणि पान मेणचट वाटलं, तर तो मनी प्लांटचा प्रकार समजा.

पिंपळीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. लेंड्या, म्हणजे फळं, मादी वेलीवर येतात. मादीचा तुरा आखूड आणि जाडसर, नराचा लांब आणि बारीक. नुसती जमीन झाकायची असेल तर कोणतीही चालेल. पिंपळी खायलाही हवी असेल तर तुरे दिसत असलेल्या मादी वेलीचंच बेणं मागा.

६. लावणी

मृगाचा पहिला पाऊस पडला की हात शिवशिवतात, पण थांबा. पहिल्या सरीनंतर नागपुरात पुन्हा आठ-दहा दिवस कडक ऊन पडू शकतं. आर्द्रा लागून पाऊस स्थिरावला, जमीन वीतभर खोल भिजली, की लावा. जुलैचा पहिला पंधरवडा मला सर्वांत चांगला वाटतो.

कांडी तीन ते पाच पेरांची घ्या. फार कोवळा शेंडा नको, फार जुनाट खोडही नको. खालची दोन पेरं मातीत आडवी दाबा आणि वरची पानं बाहेर राहू द्या. उभी खोचलेली कांडी एकाच जागी मुळं धरते, आडवी दाबलेली दोन जागी. लावल्यावर बोटांनी माती घट्ट करा, झारीने पाणी द्या आणि रोपांच्या मधे दोन इंच पाला पसरा. पाला खोडाला टेकवू नका.

पिशवीतली रोपं असतील तर मुळांचा गोळा फोडू नका. पिशवी मात्र पूर्ण काढा. माळ्याने पिशवीसकट पुरलेली रोपं मी वर्षाने उपटून पाहिली आहेत, ती वाढलेली नव्हती आणि मेलेलीही नव्हती.

७. पहिला पावसाळा

पहिला महिनाभर काहीच होत नाही असं वाटेल. एखादं पान पिवळं पडेल. उपटून बघू नका, मुळं तेव्हाच धरत असतात. ऑगस्टमध्ये नवी फूट दिसते. पोळ्याच्या आसपास मेलेल्यांच्या जागी राखून ठेवलेली रोपं लावून टाका. त्यानंतर लावलेली हिवाळ्यापर्यंत नीट धरत नाहीत.

या काळात तण हाताने काढत राहा. पिंपळीने जमीन झाकली की तण आपोआप कमी होतं, पण त्याला दोन पावसाळे लागतात.

गोगलगायी रात्री येतात. पाऊस थांबल्यावर नऊ-दहा वाजता टॉर्च घेऊन जा आणि चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ वाफ्यावर टाकू नका. सलग पाऊस लागला तर पानांवर ओले काळे डाग पडून ती गळतात. अशी पानं तोडून घराबाहेर टाका, खताच्या खड्ड्यात नाही. वेली एकमेकींवर चढल्या असतील तर थोड्या विरळ करा, हवा खेळली की डाग थांबतात.

डिसेंबर-जानेवारीत, रात्री पारा दहाच्या खाली जायला लागला की वाढ थांबते आणि खालची पानं पिवळी होतात. खत देऊ नका, पाणीही कमी करा. फेब्रुवारीत ती पुन्हा उठते.

८. उन्हाळा

मार्चच्या मध्यापासून तयारीला लागा. आधी आच्छादन तीन इंचांपर्यंत वाढवा. हवा पंचेचाळीस अंशांची असली तरी पाल्याखाली बोट घालून बघा, माती थंडगार लागते. या दिवसांत जमीन उघडी राहू द्यायची नाही.

ग्रीन नेट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बांधा, पानांपासून निदान चार फूट वर. पानांना टेकलेली नेट तापते आणि तीच पानं भाजते.

पाणी पहाटे द्या. दोन इंच खोल बोट घातलं आणि माती ओली लागली तर त्या दिवशी देऊ नका. एप्रिलमध्ये मला एक दिवसाआड पुरतं, मेमध्ये रोज. मेअखेरच्या नवतपाच्या नऊ दिवसांत संध्याकाळी सूर्य कलल्यावर पानांवर आणि भिंतीवर हलका फवारा मारते. भिंत थंड झाली की रात्रभर वाफा थंड राहतो. दुपारी पानं लोंबलेली दिसली म्हणून धावत जाऊन पाणी ओतू नका. ती संध्याकाळी सावरतात. सकाळीही लोंबलेलीच असतील, तेव्हा मात्र खरंच पाणी कमी पडतं आहे.

आणि कूलरचं पाणी वाफ्यात सोडू नका. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर एक उन्हाळा वाचला असता. वाया जातं म्हणून मी टबाचा पाईप पिंपळीत सोडला होता. आठ दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या आणि मातीवर पांढरी पापडी धरली. कूलरमधलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. टबाच्या काठावर जो पांढरा थर बसतो, तोच मातीत उतरतो. आरओच्या फेकायच्या पाण्याचंही तेच. असं पाणी गेलंच असेल तर साध्या पाण्याने दोन-तीन वेळा वाफा भरपूर भिजवून क्षार खाली घालवा, पुढे काही दिवस बघत राहा.

९. आवर घालणं आणि पिंपळी तोडणं

दुसऱ्या पावसाळ्यानंतर वाफा भरतो आणि वेली बाहेर पळायला लागतात. सांदवाडीतून जायला फूटभर फरशीची वाट ठेवा आणि तिच्या कडेने दर महिन्याला छाटा. 'झाडोरा आहे, साप येईल' ही भीती आमच्या शेजारच्या काकूंना होती आणि ती रास्त आहे. म्हणून वेल टोंगळ्याच्या खूप खालीच ठेवायची, वाट कायम उघडी आणि रात्री जाताना हातात टॉर्च. कडुनिंबावर चढलेल्या वेली मी खाली ओढून पुन्हा जमिनीवर दाबते, त्याच जागा भरायला कामी येतात.

जूनच्या सुरुवातीला, पावसाआधी, दर चौरस फुटाला दोन मुठी शेणखत पसरा. वर्षभर एवढंच पुरतं.

मादी वेलीला पावसाळ्यात तुरे येतात. लेंडी हिरवी, गच्च भरलेली आणि काळसर व्हायला लागली की तोडा. लाल-पिकी होऊ दिली तर मऊ पडते आणि तिखटपणा जातो. चार-पाच दिवस उन्हात वाळवली की काळी, टणक होते. ती कोरड्या बरणीत ठेवा. चहात किंवा काढ्यात आम्ही एखादी ठेचून घालतो. औषध म्हणून, त्यातही गरोदरपणात किंवा लहान मुलांना, वैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.

छाटलेल्या वेली फेकू नका. तीन-तीन पेरांचे तुकडे करून माती आणि शेणखत भरलेल्या पिशव्यांत दाबा, सावलीत ठेवा आणि माती ओलसर ठेवा. महिना-सव्वा महिन्यात मुळं धरतात. जुलैत आमच्या फाटकाशी अशा पिशव्या ठेवलेल्या असतात, ओळखीच्यांना त्यातल्याच देते. नेणाऱ्याला मी आधी एकच विचारते, मे महिन्यात सकाळी दहा वाजता तुमच्या सांदवाडीत ऊन कुठवर येतं, ते पाहिलं आहे का? पाहिलं नसेल तर दहाच रोपं देते, झाडाखाली लावायला. बाकीची पुढच्या जुलैत.